वृद्धांची स्मृती हाही पुरावा

वनात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांजवळ बहुधा कागद नसतो, स्मृती असते. मोहफुले कोणत्या रानात वेचावयाची, गुरे कोठवर चारावयाची, पूर्वजांची दफनभूमी कोठे आहे, हे तेथील वृद्धांना मुखोद्गत असते. ब्रिटिश राजवटीत वने राखीव घोषित होत गेली आणि कागदाअभावी ही माणसे आपल्याच भूमीवर अतिक्रमक ठरली.

२००६ च्या वनहक्क अधिनियमाने हा ऐतिहासिक अन्याय असल्याचे मान्य केले. त्याखालील २००८ च्या नियमांनुसार दावेदाराखेरीज अन्य वृद्धांचे लेखी स्वरूपात नोंदविलेले कथन हाही पुरावा ठरतो. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आणि वंशावळ यांनाही तेथे स्थान आहे. मात्र एकाहून अधिक पुरावे लागतात.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड गाव या बाबतीत आपणां सर्वांना गुरुस्थानी आहे. तेथील लोकांनी अभ्यासगट स्थापून आपले वन आणि कायदा यांचा स्वतः अभ्यास केला. ग्रामसभेचे निर्णय तेथे बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतात. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडला. हक्काचा कागद मिळाल्यावरही जागरूकता सोडता येत नाही, हा त्यातील बोध होय.

अनुसूचित जमातींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. इतके मागचे सांगू शकणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांच्यातील एकेक माणूस जातो, तेव्हा गावाचा एकेक साक्षीदार जातो.

म्हणून आपल्या शाळेतून लिहावयास शिकून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला आमचे सांगणे आहे. अशा गावांशी आपला संबंध असेल, तर सुटीत तेथील वृद्धांजवळ बसावे. त्यांचे नाव, वय व कथन लिहून घ्यावे, ते त्यांच्याच भाषेत त्यांना वाचून दाखवावे, त्यावर सही वा अंगठा घ्यावा आणि ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे सोपवावे. ज्ञान त्यांचे आहे. आपली केवळ लेखणी. अक्षरज्ञानाचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस दिसत नाही.