या महिन्याचा पाठ : आपल्या आरोग्यासाठी पैसा मागायचा कसा?



गटाचं कर्ज कशासाठी घेतलं, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात : म्हैस, शिलाई मशीन, पोरांची फी. बाईच्या दुखण्यासाठी कर्ज निघतं ते अगदी शेवटी. पाळीत जास्त रक्त जातंय, अंगावरून पांढरं जातंय, हे आपण वर्षानुवर्षं अंगावर काढतो. मग एक दिवस ‘पिशवी काढायला लागेल’ असं ऐकू येतं आणि हजारोंचा खर्च समोर उभा राहतो. त्याच्या आधीच तपासणी झाली असती तर? त्यासाठी पैसा आणि सोय मागता आली पाहिजे. आजचा पाठ त्याचाच.

लांबची गोष्ट

१९९४ साली इजिप्तमधल्या कैरो शहरात १७९ देश एकत्र आले. मूल कधी आणि किती, हे ठरवणं हा माणसाचा हक्क आहे, हे त्यांनी मान्य केलं. या कामाला संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी जगभर मदत करतो. २००२ मध्ये अमेरिकेच्या सरकारने या निधीचे ३ कोटी ४० लाख डॉलर रोखले. तेव्हा तिथल्या जेन रॉबर्ट्स आणि लोइस अब्राहम या दोन बायकांनी लोकांना साधं आवाहन केलं : प्रत्येकाने एक डॉलर पाठवा. पाकिटांतून नोटा यायला लागल्या आणि वर्षाच्या आत दहा लाख डॉलर जमले. सगळी रक्कम भरून निघाली नाही. पण लाखो लोकांना हे काम हवंय, हे सगळ्यांना दिसलं. आपल्या बचतीचंही तसंच आहे. रक्कम लहान, पण प्रत्येक नाव मोजलं जातं.

जवळची गोष्ट

आपल्याच जिल्ह्यातलं, शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला : नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. जी गोष्ट ‘घरातली’ म्हणून कुणी बोलत नव्हतं, ती कागदावर आली आणि मुंबईपर्यंत पोचली. प्रथा एका कागदाने संपत नाही, पण नाही म्हणणाऱ्या बाईच्या मागे आता गावाचा ठराव आहे.

आपल्या गावात काय करायचं?

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. समजा घरपट्टी, पाणीपट्टी वगैरे मिळून ८ लाख जमा होतात, तर ८० हजार आपल्या वाट्याचे. त्यासाठी :

१. ग्रामसंघाच्या बैठकीत एकच मागणी ठरवा. ‘आरोग्य सुधारा’ असं मोघम नको. ‘उपकेंद्रात तपासणीच्या खोलीला पडदा आणि दाराला कडी’ किंवा ‘वर्षातून दोनदा रक्त तपासणी आणि स्त्रीरोग शिबिर’ असं नेमकं सांगा.

२. आशाताई आणि नर्सबाईंना विचारून खर्चाचा अंदाज काढा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. वाडीवरून तिथे जायला गाडी नसेल, तर तीसुद्धा मागणी होऊ शकते.

३. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. तिथे मागणी मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. नुसतं बोललेलं उरत नाही.

४. ग्रामसभेला एकटीने जाऊ नका, दहा जणी मिळून जा. विषय काढायला लाज वाटत असेल तर आधी गटात एकदा मोठ्याने बोलून बघा.

५. ठरावाची नक्कल मागा. तीन महिन्यांनी किती खर्च झाला ते लेखी विचारा.

गटात चर्चेसाठी

- गेल्या वर्षी आपल्या ग्रामपंचायतीचा हा १० टक्के पैसा कशावर गेला? कुणाला माहीत आहे?
- आपल्यातल्या किती जणींनी शेवटची तपासणी बाळंतपणात केली होती?
- पहिली मागणी कोणती, आणि ती मांडणार कोण?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नावासकट गटाच्या वहीत लिहा. पुढच्या भेटीत आपण तिथूनच सुरू करू.