कबड्डीपटू घडवायला घरातून किती जातं?

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापुरातल्या पोराने ‘मला कबड्डी खेळायचीय’ म्हटलं की घरचे आधी फी विचारतात. या हिशेबात फी सगळ्यात हलकी. मातीवर सराव घेणारी बरीच मंडळं नावापुरते शे-दोनशे घेतात, काही तेही नाही. मॅट असलेल्या अकॅडमीत महिना हजार ते दोन हजार धरा. मॅटचे बूट बाराशे ते अडीच हजार, नी-कॅप तीन-चारशे. बूट घालून डांबरावर फिरू देऊ नका. सोल घासला की मॅटवर पाय सरकतो आणि गुडघा जातो.

खरा खर्च ताटात आहे. रोज चार अंडी २८ रुपये, अर्धा लिटर दूध ३०-३५, दोन केळी, मूठभर चणे-शेंगदाणे. दिवसाला नव्वदच्या घरात, म्हणजे महिन्याला पावणेतीन हजार. प्रोटीन पावडरचा डबा आणायच्या आधी हे नेमाने होतंय का ते बघा. दादर-वडाळ्याकडे सरावाला जायचं तर बदलापूरहून सव्वा तास लोकल. महिन्याचा पास काढा.

दुखापतीसाठी वेगळे पैसे ठेवाच. एमआरआय पाच-सात हजार, फिजिओच्या एका बैठकीचे चार-पाचशे आणि लिगामेंटचं ऑपरेशन खासगीत झालं तर दीड-दोन लाख. आधी उल्हासनगर कॅम्प ३ च्या शासकीय मध्यवर्ती रुग्णालयात दाखवा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का तेही विचारा.

आता अवघड वळण. किशोर गट सोळा वर्षांपर्यंत, कुमार वीसपर्यंत; दोन्हींना वजनाची मर्यादा. कुमार गटात पासष्ट किलोचा पोरगा चढाईत गाजतो आणि खुल्या गटात आला की समोर ऐंशी किलोचा कोपरारक्षक चवड्याला हात घालतो. पुरुषांची मर्यादा ८५ किलो. मग वर्ष-दोन वर्षं राखीव बाकावर. नेमकं तेव्हाच घरून ‘आता नोकरी बघ’ सुरू होतं आणि पोरं सुटतात. पहिल्याच वर्षी सगळी हौस भागवू नका. पैसा या दोन वर्षांसाठी राखा.

प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली, तिच्या २०२३ च्या लिलावात चढाईपटू पवन सेहरावतला अडीच कोटींहून जास्त मिळाले. घराचा हिशेब त्यावर मांडू नका. रेल्वे, पोलीस, बँका आणि कंपन्यांचे संघ, शिवाय राज्य शासनाच्या नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, हा जवळचा रस्ता. त्याला मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं, पडताळणी होऊ शकणारं प्रमाणपत्र लागतं. गल्लीतल्या चषकाची ट्रॉफी शोकेससाठी ठीक.

‘जिल्ह्याच्या संघात बसवतो, वीस हजार द्या’ म्हणणारा भेटला तर तिथूनच परत फिरा. निवड चाचणीला असला दर नसतो.

मंडळ जिल्हा संघटनेशी संलग्न आहे का, हे विचारून घ्या. मग आठवडाभर संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभे राहा. वरिष्ठ संघ कुमारांना आपल्यात घेऊन पकडीचा सराव करतो का, ते पाहा. करत नसेल, तर फी फुकट असली तरी दुसरं मंडळ शोधा.