न दुखणारा चट्टा

वर्धा जिल्ह्यात, देवळी तालुक्यातल्या आमच्या गावात दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी जोरात असते. सुकलेल्या बोंडांची टोकं बोचून बायांची बोटं सोलवटतात. त्या वर्षी माझ्या ओटीतल्या कापसाला लाल डाग लागले. शेजारच्या तासातली बाई म्हणाली, ‘‘काकू, करंगळी पाहा तुमची.’’ करंगळी रक्तानं माखली होती आणि मला काहीच बोचलं नव्हतं.

कोपराजवळचा फिकट चट्टा त्याच्या कितीतरी आधीपासून होता. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून घरात कोणी मनावर घेतलं नाही. दुकानदारानं न तपासता गजकर्णाचं मलम दिलं. ते संपलं की दुसरं. गजकर्णाला खाज असते आणि या चट्ट्याला नव्हती, एवढं कोणी सांगितलं असतं तर माझी करंगळी आज वाकडी नसती.

घरोघरच्या तपासणीला आलेल्या आशाताईंनी मला आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले. पेनाचं टोक हळूच टेकवायचं आणि मी तिथं बोट ठेवायचं. चट्ट्यावर टेकवलेलं एकदाही कळलं नाही. मग त्यांनी कोपरामागची नस चाचपली. ती जाड झाली होती. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची संवेदना याच नसेकडून येते. मला कुष्ठरोग झाला होता. त्याचा जंतू कातडीबरोबर नसांवर घाव घालतो. बधिर हाताला तवा भाजला तरी समजत नाही. जखमा चिघळतात आणि बोटं जातात ती अशी.

औषध फुकट मिळालं, वर्षभराचं. काहींना सहा महिन्यांचं पुरतं. पहिल्या डोसानंतर लघवी लाल झाली. ते औषधामुळेच होतं, असं आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. पुढे चेहरा काळवंडला आणि बाया विचारू लागल्या. कित्येक जणी इथंच गोळ्या सोडतात. सोडू नका. औषध संपल्यावर रंग हळूहळू परत येतो. गेलेली नस मात्र बहुधा येत नाही. मध्येच चट्टे लाल होऊन सुजले, नस ठणकू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि गोळ्या चालू ठेवा.

सासूबाईंनी माझं ताट वेगळं काढलं होतं. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत रोग्यापासून लागण होत नाही, हे नर्सबाईंनी घरी येऊन समजावलं. घरातल्यांची तपासणी झाली, रोग टाळण्यासाठी त्यांना रिफाम्पिसिनचा एक डोस मिळाला. ताट पुन्हा सगळ्यांबरोबर आलं. नवरा टाकून देईल या भीतीनं चट्टा लपवणाऱ्या बहिणींनी हेही ऐकावं: २०१९ च्या कायद्यानं कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण उरलेलं नाही.

आणि हे आपल्या वर्ध्यात सांगावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींच्या अंगाला स्वतः मालिश करत. परचुरेशास्त्रींची कुटी आजही आश्रमात आहे. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचं काम १९५१ पासून इथूनच चाललं. घरोघर जाऊन रोगी शोधायचा, लोकांना समजावायचं आणि घरी ठेवूनच उपचार करायचे, ही पद्धत प्रतिष्ठानच्या डॉ. वर्देकरांनी याच मातीत घालून दिली. तेव्हा आजच्यासारखं एकत्रित औषध नव्हतं. ते १९८० च्या दशकात आलं.

आंघोळीच्या वेळी एकमेकींची पाठ बघा, पोरांचीही बघा. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला तर डोळे मिटायला लावून पेनाचं टोक टेकवून पाहा. कळलं नाही, किंवा हातापायाला बधिरपणा, मुंग्या वाटल्या, तर मलम आणू नका. आशाताई आल्या की दार लावून घेऊ नका, चट्टा दाखवा. त्या आल्या नाहीत तर आपणच आरोग्य केंद्रात जा.