आधी मांडी, मग उपदेश
(पालकांसाठी अभ्यासपाठ)

घरात दुसरे बाळ आले की बारसे, पाहुणे, बाळंतिणीचे पथ्यपाणी, शेक-शेगडी यांची गडबड सुरू होते. तीन-चार वर्षांच्या थोरल्या मुलाकडे सर्वांचे लक्ष जाते ते त्याने काही ‘उद्योग’ केल्यावरच. बाळाला चिमटा काढला, अंथरूण ओले केले, सुटलेली बाटली पुन्हा मागितली, बोबडे बोलायला सुरुवात केली. मग कोणीतरी म्हणते, ‘बघा, आत्तापासूनच केवढा मत्सर!’

साधक कुटुंबांत हा शब्द जरा जास्तच बोचतो. मत्सर हा षड्रिपूंपैकी एक, तेव्हा तो लहानपणीच उपटून टाकावा, असे आपल्याला वाटते. म्हणून आपण मुलाला समजावू लागतो: ‘बाळावर प्रेम करावे, देव बघतो आहे.’ मूल ऐकत नाही. आपला उपदेश कमी पडला असे समजून आपण तो आणखी वाढवतो. खरी अडचण उपदेशाच्या क्रमात असते.

ध्रुवाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. श्रीमद्भागवताच्या चौथ्या स्कंधात ती येते. आपण ती अढळपदाची कथा म्हणून सांगतो आणि लवकर लवकर मधुवनात, तपश्चर्येपर्यंत पोहोचतो. पण कथेची सुरुवात एका मांडीपासून आहे. राजा उत्तानपाद उत्तमाला मांडीवर घेऊन लाडावत बसला आहे. पाच-सहा वर्षांचा ध्रुव तिथे चढू पाहतो. राजा त्याला जवळ घेत नाही. सुरुची त्याला टाकून बोलते, आणि राजा ते ऐकूनही गप्प राहतो. उत्तम काही तान्हा नव्हता आणि प्रसंगात सवतीचा सल होता, हे खरेच. पण त्या वयाच्या मुलाला राज्यकारण कुठे कळते? त्याला दिसते ती भरलेली मांडी. आपल्या घरातील थोरल्यालाही नेमके तेवढेच दिसते.

पुढचा भाग पालकांनी सावकाश वाचावा असा आहे. ध्रुव आईकडे येतो तेव्हा त्याचा श्वास फुललेला आहे, ओठ थरथरत आहेत. सुनीती काय करते? ती आधी त्याला उचलून आपल्या मांडीवर घेते. घडलेले ऐकून तिच्याही डोळ्यांत पाणी येते. ‘एवढ्याशा गोष्टीला रडतोस काय’ असे ती म्हणत नाही. आणि मग, त्यानंतरच, ती सांगते की दुसऱ्याचे वाईट चिंतू नकोस, भगवंताला शरण जा. उपदेश आहेच, तोही मोठा. पण तो मांडीवर बसलेल्या मुलाला केलेला आहे.

पुढे वाटेत नारद भेटतात. एवढ्या लहान मुलाला कसला मान आणि कसला अपमान, असे म्हणून ते त्याला परत वळवू पाहतात. ध्रुवाचे उत्तर प्रामाणिक आहे: सुरुचीच्या शब्दांनी माझे मन भेदले गेले आहे, त्यात तुमचा उपदेश टिकत नाही. देवर्षींचे बोलणे ज्या दुखावलेल्या मनात टिकले नाही, तिथे आपले कसे टिकावे? नारद मात्र रागावले नाहीत. त्यांनी आपले सांगणेच बदलले आणि त्याला पेलेल असा मंत्र व ध्यान दिले.

पतंजलींनी योगसूत्रांच्या साधनपादात क्लेशांचे वर्णन केले आहे. द्वेष हा दुःखाच्या मागून येतो, असे ते सांगतात. थोरल्याचा चिमटा हा द्वेष मानला, तरी त्याच्या पुढे चाललेले दुःख कोणते, हे पाहिले पाहिजे. आईची कूस गेली. रात्री ज्या कुशीत झोप लागायची तिथे आता दुसरे कोणी आहे. काही घरांत सोयर पाळतात, त्या दहा दिवसांत तर ‘आईला शिवू नकोस’ असेही ऐकावे लागते. आई बाळंतपणाला माहेरी गेली असेल तर थोरल्याचे बाबा, शाळा किंवा आई यांतले काहीतरी सुटलेलेच असते. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलर यांनी पहिल्या मुलाच्या या अवस्थेला सिंहासनावरून पायउतार होण्याची उपमा दिली होती. आपल्याकडे सिंहासनापेक्षा मांडी अधिक जवळची, एवढेच.

त्यात पाहुण्यांची थट्टा. ‘आता तुझे लाड बंद!’, ‘तुला बोहारणीकडून घेतलं होतं, हे बाळ खरं!’ मोठ्यांना हे विनोद वाटतात. मुलाला ती बातमी वाटते. अशा वेळी पाहुण्यांना हसून पण स्पष्टपणे थांबवावे. त्यांना थोडे वाईट वाटले तरी चालेल. ‘तू आता दादा झालास’, ‘तू ताई आहेस ना’ ही वाक्येही जपून वापरावीत. दोन दिवसांपूर्वीपर्यंत तेच घरातले बाळ होते, आणि मोठे होण्याचा निर्णय त्याने घेतलेला नाही.

मग करायचे काय? भावनेला नाव द्यावे: ‘आई सारखी बाळाजवळ असते, तुला राग येतो ना? मला सांगत जा.’ राग सांगायला परवानगी, मारायला नाही. ही सीमा ठाम हवी. पाच वर्षांखालील मुलाला तान्ह्याजवळ एकटे सोडूच नये, मग ते कितीही प्रेमाने पापे घेत असो. बाटली मागितली तर एक-दोनदा द्यावी, हसू नये. मागे गेलेले मूल बहुधा आपोआप पुढे येते. मात्र जेवण, झोप, खेळ हे सारेच बरेच दिवस बिघडलेले राहिले, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारावे.

बाळाविषयी थोरल्याशी बोलावे, तेही बाळ म्हणजे मन असलेला माणूस आहे अशा रीतीने. ‘का बरं रडत असेल? भूक लागली असेल, की तुझा आवाज ऐकायचाय?’ ज्यूडी डन आणि कॅरोल केंड्रिक यांनी केंब्रिजमधील 40 कुटुंबांचा अभ्यास करून 1982 मध्ये पुस्तक लिहिले. ज्या घरी आई असे बोलत असे, तिथे भावंडांचे नाते पुढे अधिक स्नेहाचे झाल्याचे त्यांना दिसले. ‘बाळावर प्रेम कर’ या आज्ञेपेक्षा हा प्रश्न करुणेचे बीज अधिक खोल पेरतो.

भांडणे तरीही होतील. भागवतातच बलराम आणि इतर गोपबालक यशोदेकडे जाऊन ‘कृष्णाने माती खाल्ली’ अशी चुगली करतात. तेव्हा घरोघरी होणाऱ्या चुगल्यांनी फार खिन्न होऊ नये.

आई दमलेली असते, हे विसरून तिच्यावर आणखी एक कर्तव्य लादणे योग्य नव्हे. इथे वडिलांनी उत्तानपादाचे मौन आठवावे. बाळाला आजीकडे किंवा स्वतःकडे घेऊन आईची मांडी रोज पंधरा मिनिटे मोकळी करून द्यावी. त्या वेळात थोरल्याला काही शिकवायचे नाही, स्तोत्रही पाठ करून घ्यायचे नाही. त्याने सांगितले ते ऐकायचे, त्याने मांडलेला खेळ खेळायचा. बाळंतपणात सकाळचा जप चुकतो म्हणून अनेक साधिका हळहळतात. ही पंधरा मिनिटे त्यांनी खुशाल उपासनेत धरावीत.

ध्रुव तप करून परततो, तेव्हा पाया पडलेल्या त्याला सुरुची उचलून उराशी धरते आणि भरल्या गळ्याने आशीर्वाद देते. ध्रुव आणि उत्तम एकमेकांना मिठी मारून रडतात. पुढे हिमालयात शिकारीला गेलेल्या उत्तमाला एका यक्षाने मारले, तेव्हा त्याच्यासाठी शोकाने आणि क्रोधाने पेटून अलकापुरीवर चालून गेला तो हाच ध्रुव.

या आठवड्यासाठी अभ्यास: चौथ्या स्कंधातील आठवा व नववा अध्याय घरात मिळून वाचावेत. थोरले मूल ऐकत असेल तर मांडीच्या प्रसंगाशी थांबून त्याला विचारावे, ‘ध्रुवाला तेव्हा काय वाटलं असेल?’ उत्तर दुरुस्त करू नये.