सीट बुक करण्याआधी

हळदीचे पैसे हातात येणं आणि बारावीचा निकाल, आमच्या हिंगोली जिल्ह्यात दोन्ही मागेपुढेच. बाहेरगावच्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांचे एजंट नेमके तेव्हाच दारात उभे राहतात. गेल्या वर्षी पुतणीसाठी आमच्याकडेही एक आला. सीईटीचा निकाल लागायचा होता. "दादा, आत्ता बुक केली नाही तर सीट राहत नाही म्हणतो," भावाचा फोन. मी वसमतला पोचेपर्यंत तो पैसे आणि मूळ टीसी देऊन मोकळा झाला होता. पावतीवर शाखेचा रकाना कोरा, रकमेपुढे नुसतं 'नोंदणी'.

पुढे कॅपमध्ये, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, पोरीला नांदेडला जागा लागली आणि टीसी एजंटच्या कॉलेजात अडकली. रोज एकच उत्तर, साहेब रजेवर आहेत. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायला यूजीसीने २०१८ मध्येच मनाई केली आहे, एवढं अर्जात लिहून पोच मागितली. साहेब रजेवरून परत आले.

खरा फटका तर वेगळाच बसला असता. एजंटची जागा बहुधा व्यवस्थापन कोट्यातली असते आणि फी सवलत कॅपमधून लागलेल्या जागेलाच मिळते. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क सरकार पूर्ण भरतं. कोट्यात गेलं की तो हक्क संपला. एजंटला विचारा, "बघू, करून घेऊ" म्हणेल.

कॅपमध्ये काही लागायची आशाच नसेल आणि पूर्ण फी झेपत असेल, तर कोट्याचा अर्ज जरूर करावा. टीसी मात्र कॅपच्या फेऱ्या संपेपर्यंत घरातच ठेवा. घाई करायची तर कागदांची करा. जात पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेअर बारावीत असतानाच काढायला टाका.

पसंतीक्रमही सैल सोडू नका. २०२५-२६ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी कुठलीही लागली की जागा आपोआप फ्रीझ. पुढच्या फेरीत जाता येत नाही. ऑनलाइन सेंटरवाला "भरायला काय जातंय" म्हणत कॉलेजं वर टाकत जातो. म्हणून फॉर्म लॉक करण्याआधी पुतणीला यादी मोठ्यानं वाचायला लावली. चौथ्या नावावर ती थांबली. "काका, हे कुठंय?"