घटक ४ : वर्गातील तंत्रज्ञान आणि सक्रिय अध्ययन – मराठीच्या तासिकेचा विचार

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणास सक्रिय अध्ययन म्हणजे काय हे स्वतःच्या शब्दांत सांगता यावे, एखादे साधन वर्गात आणावे की आणू नये याचा निर्णय कारणांसह घेता यावा, आणि आपल्या गावच्या बोलीवर आधारलेल्या एका तासिकेची आखणी करता यावी, अशी अपेक्षा आहे. यांपैकी तिसरे उद्दिष्ट सर्वांत महत्त्वाचे. पहिली दोन त्याच्या तयारीसाठी आहेत.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी काही जण आज शाळेत किंवा खासगी शिकवणीत शिकवत असतील, काही जणी अंगणवाडीत काम करीत असतील, तर काही जण शेती वा नोकरी सांभाळून बऱ्याच वर्षांनी पुन्हा पुस्तक हाती घेत असतील. ‘वर्गात तंत्रज्ञान’ हे शब्द कानी पडले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भिंतीवरचा पडदा, प्रोजेक्टर किंवा मुलांच्या हातांतील टॅब उभा राहतो. या घटकात आपण साधनापासून सुरुवात करणार नाही. साधन सुरू असताना वर्गात बोलते कोण, लिहिते कोण आणि निर्णय घेते कोण, हे आपण पाहणार आहोत. पडद्यावरची चित्रे हलत आहेत आणि चाळीस मुले निश्चल बसली आहेत, अशा वर्गात तंत्रज्ञान नक्कीच आहे. अध्ययन असेलच असे नाही.

विवेचनासाठी हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव घेतले आहे. नरहर कुरुंदकर यांच्या आडनावातून हे गाव मराठी वाचकाला परिचित आहे. कुरुंदकर हे नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक व पुढे प्राचार्य होते, आणि त्यांचे मुख्य साधन व्याख्यान हेच होते. श्रोत्याच्या मनातील आक्षेप आधी स्वतः मांडून मग त्याला उत्तर देण्याची त्यांची रीत त्यांच्या लेखनातही दिसते. व्याख्यान म्हणजे निष्क्रिय अध्ययन, असे सरसकट समीकरण मांडणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. मात्र प्रत्येक तासिकेला कुरुंदकर मिळत नाहीत. त्यामुळे बाकीच्यांना पद्धतीचा आधार घ्यावा लागतो.

४.२ सक्रिय अध्ययन : संकल्पना

विद्यार्थ्याने काही करावे आणि आपण काय करीत आहोत याचा विचारही करावा, हा सक्रिय अध्ययनाचा गाभा आहे. यातील दुसरा भाग पुष्कळदा निसटतो. मुलांनी रंगीत कागद कापून तक्ता चिकटवला, म्हणजे हात सक्रिय झाले. क्रियापदाचा काळ त्यांना उमगला का, हे त्यावरून कळत नाही.

या पद्धतीच्या परिणामांविषयी भरपूर संशोधन झाले आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या महाविद्यालयीन वर्गांवरील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर सक्रिय अध्ययनाच्या वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले. हे आकडे भाषाविषयाचे नाहीत. ते जसेच्या तसे मराठीच्या वर्गाला लावू नयेत. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला अधिक उपयोगी पडावे असे निरीक्षण हार्वर्ड विद्यापीठातील २०१९ च्या अभ्यासात आहे. तेथे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना उत्तम व्याख्यान ऐकल्यावर आपण अधिक शिकलो असे वाटले. चाचणीत मात्र ज्यांनी गटात बसून उदाहरणांशी झटापट केली, ते अधिक शिकले होते. शिकणे सुलभ वाटणे आणि शिकणे घडणे या भिन्न गोष्टी आहेत. पुस्तिकेच्या ओळींखाली रेघा ओढताना आपणास जे समाधान मिळते, त्याकडेही या दृष्टीने पाहावे.

त्याच विद्यापीठातील एरिक माझुर यांनी १९९१ च्या सुमारास सुरू केलेली एक रीत आपल्या कामाची आहे. शिक्षक एक प्रश्न व त्याचे चार पर्याय देतो. प्रत्येक विद्यार्थी आधी एकट्याने, कोणाशी न बोलता, उत्तर नोंदवतो. उत्तरे विखुरलेली असतील तर शेजाऱ्याशी चर्चा होते, आपला पर्याय पटवून द्यावा लागतो, आणि पुन्हा मतदान होते. त्यासाठी तेथे हाती धरायची छोटी विद्युत-यंत्रे वापरात आली. आपल्याकडे छातीशी धरलेली एक, दोन, तीन किंवा चार बोटे तेच काम करतात. शेजाऱ्याला दिसत नाहीत, शिक्षकाला दिसतात. खर्च शून्य. पद्धतीचे मर्म यंत्रात नव्हते, चर्चेआधी प्रत्येकाला स्वतःचे मत पक्के करायला लावण्यात होते.

४.३ महाराष्ट्रातील काही प्रयोग

‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम राज्य शासनाने २२ जून २०१५ च्या निर्णयाने सुरू केला. त्या काळात दोन ठिकाणांची नावे शिक्षकांच्या तोंडी वारंवार येत. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळा टॅबवर शिकणारी ‘डिजिटल शाळा’ म्हणून ओळखली गेली. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये मात्र खडे, काड्या, बिया आणि फरशीवर रंगवलेल्या आकृत्या यांच्या आधारे ज्ञानरचनावादी वर्ग उभे राहिले. राज्यभरातून शिक्षक दोन्ही प्रकारच्या शाळा पाहावयास जात. परतल्यावर टॅबसाठी लोकवर्गणी गोळा करणे तुलनेने सोपे ठरे. फरशीवरच्या आकृतीभोवती बसलेल्या मुलांना नेमका कोणता प्रश्न विचारावा, हे उचलून आणणे अवघड.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यामागे ध्वनिमुद्रित कविता, चित्रफिती, गोष्टी व स्वाध्याय ठेवले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले आणि पारितोषिकाच्या दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. आज बालभारतीच्या पुस्तकांतही क्यूआर कोड असतो. कविता योग्य उच्चारांत, योग्य विरामांसह ऐकायला मिळणे ही मराठीच्या विद्यार्थ्यासाठी मोठीच सोय आहे, विशेषतः घरी वाचून दाखवणारे कोणी नसेल तेव्हा. तथापि कोडच्या मागे जे आहे ते कोणीतरी तयार केलेले आहे. विद्यार्थी ते ग्रहण करतो. येथून पुढचे पाऊल विद्यार्थ्याने स्वतः ध्वनिमुद्रण करण्याचे असावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

साधन एकतर्फी असले तरी पाठ एकतर्फी असण्याची गरज नाही, हे ‘टिलीमिली’ या मालिकेने दाखवले. कोरोनाकाळात शाळा बंद असताना, २० जुलै २०२० पासून, ती सह्याद्री वाहिनीवरून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी प्रसारित झाली. दूरचित्रवाणीला उत्तर देता येत नाही. परंतु घरातील माणसांसोबत करून पाहण्याच्या कृतींवर तिचा भर होता.

४.४ कुरुंद्यातील एक तासिका : आखणी

समजा, आपण कुरुंद्याच्या शाळेत इयत्ता आठवीला मराठी शिकवत आहात. विषय आहे बोली व प्रमाणभाषा. वर्गाला मिळून दोन-तीन साधे स्मार्टफोन उपलब्ध आहेत.

विषयवस्तू गावातच आहे. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहानंतर हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा दुसरा. १० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला; तो नांदेड-परभणीकडेही जाणवला. वसमत तालुक्याच्या या पट्ट्यात जमिनीतून येणाऱ्या आवाजांच्या बातम्या तर त्याआधीपासून येत आहेत. म्हणजे ज्या अनुभवाविषयी घरोघरी सांगण्यासारखे आहे, आणि ज्याविषयी छापील मजकूरही आहे, असा विषय हाताशी आहे.

आदल्या दिवशी मुलांना काम द्यावे : घरातील वा शेजारच्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीला “त्या दिवशी सकाळी काय झालं?” एवढेच विचारून उत्तर फोनवर ध्वनिमुद्रित करून आणायचे. दोन मिनिटे पुरेत. आधी परवानगी घ्यायची, मुद्रण वर्गाबाहेर कोणालाही पाठवायचे नाही, आणि आजीचे वाक्य मध्येच ‘सुधारायचे’ नाही. हा शेवटचा नियम पाळणे सुशिक्षित मुलांना सर्वांत जड जाते.

वर्गात गट पाडून प्रत्येक गटाने आपल्या मुद्रणातील चार वाक्ये जशी ऐकू येतात तशी लिहायची. येथे खरे अध्ययन सुरू होते. ‘म्हणून’ लिहावे की ‘म्हनून’? ‘आणि’ की ‘अन्’? एकच वाक्य पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकता येणे, हे या साध्या यंत्राचे खरे बळ. माणसाला पाच वेळा तेच वाक्य बोलायला सांगता येत नाही. शिवाय सांगितले तर तो पाचव्या वेळी पुस्तकी बोलू लागतो.

मुद्रणांत ‘जमीन हलायली’ यासारखे रूप हमखास सापडेल. आता फळ्यावर पुढील प्रश्न लिहावा.

‘मी चहा प्यायलो’ या वाक्याचा अर्थ काय? (१) चहा पिऊन झाला. (२) चहा पिणे चालू आहे. (३) कोण बोलतो त्यावर अवलंबून आहे. (४) वाक्य अशुद्ध आहे.

बोटांनी मतदान, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा मतदान. प्रमाण मराठीत ‘प्यायलो’ म्हटले की कप रिकामा झालेला असतो. मराठवाड्याच्या मोठ्या भागात व सोलापूरकडेही ‘मी करायलो’, ‘मी जेवायलो’ ही रूपे ‘करत आहे’, ‘जेवत आहे’ असा चालू काळ दाखवतात. त्या व्यवस्थेत ‘प्यायलो’ म्हणणाऱ्याच्या हातात कप अजून असू शकतो. ‘करायला’ हे रूप प्रमाण मराठीत हेतू दाखवते (‘काम करायला गेला’). बोलीने त्यावर चालू काळाची स्वतंत्र आणि नियमबद्ध रचना उभी केली आहे. चौथा पर्याय निवडणाऱ्या मुलांना उत्तर चुकल्याचे सांगू नये. ‘मी, तू, तो, ती, आम्ही’ यांच्यासोबत हे रूप चालवून दाखवण्यास सांगावे. मुले ते बिनचूक चालवतील. ज्याला नियम नसतो ते बिनचूक चालवता येत नाही, हे त्यांच्याच तोंडून बाहेर पडू द्यावे.

यानंतर फोनचा आणखी एक उपयोग. बोलून मराठी टंकन करण्याची सोय उघडावी आणि तीच चार वाक्ये फोनला ऐकवावीत. पडद्यावर काय उमटते ते फळ्यावर उतरवून मुद्रणातील लेखनाशी ताडून पाहावे. कोणता शब्द यंत्राने ओळखला, कोणता बदलला, कोणता गाळला? अशी यंत्रणा ज्या भाषेवर तयार होते तीच तिला नीट कळते. यंत्राच्या चुकांची यादी म्हणजे त्या यंत्रापर्यंत कोणती मराठी पोहोचली नाही याचा नकाशाच होय. यंत्राकडून उत्तर घेण्याऐवजी यंत्राच्या उत्तराची परीक्षा विद्यार्थी घेतो, म्हणून ही कृती ‘सक्रिय’ ठरते.

शेवटी एका बातमीचा मजकूर घ्यावा. तीत ‘भूकंपाचा सौम्य धक्का’ असे शब्द असतात. मुद्रणांत ‘हादरा’, ‘धरणीकंप’, ‘पत्रे वाजले’, ‘भांडी पडली’ असे काही असेल. साठी ओलांडलेली माणसे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाशी तुलना करतील. ४.५ हा आकडा भूकंपमापनाच्या हिशोबात सौम्यच आहे. पण दगडमातीच्या भिंतीच्या घरातून मुलांना घेऊन अंगणात धावलेल्या बाईला तो सौम्य होता का? ‘सौम्य’ हे विशेषण कोणाच्या बाजूने लावले आहे, या प्रश्नावर प्रत्येकाने पाच ओळी लिहाव्यात. वृत्तलेखनाची भाषा वाचण्याचे हे शिक्षण आहे, आणि पुढे शासकीय पत्रक वा विम्याचा अर्ज वाचताना ते उपयोगी पडेल.

या तासिकेला भाषावैज्ञानिक मोलही आहे. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. निजामाचे हैदराबाद संस्थान त्या पाहणीच्या कक्षेबाहेर होते, आणि कुरुंदा त्या संस्थानात. कोकणातील, वऱ्हाडातील बोलींचे शतकापूर्वीचे नमुने आज आपण उघडून पाहू शकतो. कुरुंद्याच्या आजीच्या आजीचे बोलणे त्या पाहणीत नाही.

४.५ अडचणी

एका तासिकेत हे सर्व बसत नाही. दोन सलग तास मिळाले तर उत्तम. अन्यथा मुद्रण व लेखन एका दिवशी, मतदान व बातमी दुसऱ्या दिवशी. वीज किंवा नेटवर्क नसेल तर बोलून टंकन करण्याची कृती वगळावी लागेल; बाकीच्या कृतींना इंटरनेट लागत नाही. फोन एकाच मुलाच्या हातात राहतो ही नेहमीची तक्रार असते. त्यावर उपाय असा की फोन धरणाऱ्याने लिहायचे नाही आणि लिहिणाऱ्याने धरायचा नाही. दर दहा मिनिटांनी अदलाबदल. आणि जिच्या घरी मुद्रण करायला फोनच नव्हता, तिने ऐकून लक्षात ठेवलेले वाक्य सांगावे. वर्गाने ते मुद्रणाइतकेच प्रमाण मानावे.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी उपक्रम

आपल्या घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीचे दोन मिनिटांचे बोलणे तिच्या संमतीने ध्वनिमुद्रित करा. त्यातील दहा वाक्ये जशी ऐकू येतात तशी लिहा. त्यांपैकी किती क्रियापदे प्रमाण मराठीहून भिन्न आहेत ते मोजा, आणि कोणत्याही एका रूपाचा नियम तीन-चार वाक्यांत लिहा. नियम लिहून झाल्यावर तो त्याच व्यक्तीला समजावून सांगा व तिला तो पटतो का ते विचारा. तिने दिलेले उत्तर आपल्या नोंदवहीत नियमाखाली लिहून संपर्कसत्राला सोबत आणा.