थेट फवाऱ्याचीं ट्रक-इंजिनें आणि तेल धरणारा डबा

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारांत आतां मालवाहू पिकअप उभी असते, आणि तिच्या कर्जाचे हप्ते पिकाच्या पैशांतूनच जातात. अशा गृहस्थांस मोटारीच्या सामानाचे विक्रेते एक लहानसा डबा दाखवून सांगतात कीं, हा बसविल्यावांचून नव्या इंजिनाचें आयुष्य निम्में होतें. ह्यास ते ‘ऑइल कॅच कॅन’ म्हणतात. हें म्हणणें कितपत खरें, हें पाहणें अवश्य आहे.

पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या तरी स्फोटाचा थोडा वायु त्यांच्या बाजूनें निसटून खालीं तेलाच्या पेटींत उतरतो. तेथें क्रँक तेल घुसळीत असतो; ताक करितांना डेऱ्याच्या तोंडाशीं तुषार उडतात, तसें तेलाचें धुकें त्या वायूंत मिसळतें. हा वायु कोंडला तर तेलाचीं सीलें गळूं लागतील, म्हणून त्यास वाट द्यावीच लागते. पूर्वीं ती वाट उघड्यावर असे. पुढें हवा दूषित होऊं नये म्हणून नियम झाले, आणि ती नळी पुन्हां इंजिनाच्या हवेच्या मार्गास जोडण्यांत आली. तेल धरणारा डबा बसवितात तो ह्याच नळीवर, वायूंतील तेल वेगळें काढण्यासाठीं.

आतां ही भीति उत्पन्न कोठें झाली तें सांगतों. जुन्या पेट्रोल इंजिनांत पेट्रोलचा फवारा आंत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हच्या पाठीवर पडे व ती आपोआप धुतली जाई. थेट फवाऱ्याच्या इंजिनांत पेट्रोल एकदम सिलिंडरांत सोडतात. व्हॉल्व्हची पाठ कोरडी राहते, आणि नळीनें आलेलें तेल तिच्यावर भाजून काळा थर जमतो. अमेरिकेंत फोर्डच्या एफ-१५० पिकअपला २०११ पासून असें ३.५ लिटरचें टर्बो इंजिन मिळूं लागलें. जनरल मोटर्सच्या ५.३ लिटर इंजिनांत हीच पद्धत २०१४ च्या मॉडेलापासून आली. थर वाढला कीं थंड इंजिन अडखळतें, ताकद उतरते, आणि मग वरचा भाग उघडून अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्याचा मारा करून व्हॉल्व्ह साफ करावे लागतात. फोर्डनें २०१७ च्या मॉडेलांत ३.५ लिटर इंजिनास थेट फवाऱ्याबरोबर जुन्या जागचाही फवारा दिला. त्यामागें इतरही हेतु होते. पण व्हॉल्व्ह धुतला जाण्याचा लाभ त्याबरोबर मिळालाच.

अशा केवळ थेट फवाऱ्याच्या पेट्रोल गाडींत डबा उपयोगी पडतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. मात्र तो थर लांबणीवर टाकतो, बंद करीत नाहीं; कारण व्हॉल्व्हच्या दांड्याच्या सीलांतून उतरणारें तेल त्या नळीनें येतच नाहीं. आणि आंत जाळी किंवा आडवे पडदे नसलेला स्वस्त डबा मोठे थेंबच धरतो, धुकें तसेंच पुढें जातें.

आपल्याकडील मालवाहू गाड्या मात्र बहुतांशीं डिझेलच्या. डिझेल व्हॉल्व्हच्या पाठीस इंधनानें धुण्याची सोय कधींच नव्हती, तरी जुनीं इंजिनें लाखों किलोमीटर चाललीं. नव्या इंजिनांत धुराचा कांहीं भाग पुन्हां आंत फिरवितात. त्याची काजळी तेलाच्या धुक्यांत मिसळून चिकट मळी होते. ही अडचण खरी आहे. परंतु १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा नियमांच्या पुष्कळ इंजिनांत तेल वेगळें करणारी योजना कारखान्यांतूनच बसवून येते. हमीची मुदत चालू असतां तिच्यापुढें आणखी एक डबा लावणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. बिघाड झाल्यास कंपनी त्याच डब्याकडे बोट दाखवील. गाडीच्या पुस्तकांत त्या फिल्टराची मुदत दिली असेल तर ती पाळावी, हें अधिक फलदायी.

डबा बसविलाच तर तो रिकामा करण्याचें काम मागें लागतें. अमेरिकेच्या उत्तर भागांत हिंवाळ्यांत त्यांतील पाणी गोठून वाट बुजते. आपल्याकडे तें भय नाहीं, पण हलकी रबरी नळी उष्णतेनें मऊ होऊन दबली तर परिणाम तोच: पेटींत दाब वाढतो, सीलें गळतात, टर्बोचें तेल परत उतरेनासें होतें. डिझेलच्या बाबतींत ह्याहून वाईट प्रसंग संभवतो. तुडुंब भरलेल्या डब्यांतील तेल एकदम ओढलें गेलें, तर इंजिन त्याच तेलावर भडकून धावूं लागतें, आणि किल्ली फिरवून डिझेल तोडलें तरी थांबत नाहीं. हवा कोंडल्याखेरीज उपाय उरत नाहीं. अशा वेळीं जवळ उभ्या माणसाच्या जिवासही धोका असतो.

आमची हयात दप्तरांत गेली, म्हणून वहीचा आग्रह धरतों असें कोणी म्हणेल, तर म्हणो. डबा रिकामा करतांना मीटरचा आंकडा व निघालेलें तेल मापून लिहून ठेवावें. तेवढ्याच मजलेंत पूर्वींच्या दुप्पट तेल निघूं लागलें, तर रिंगा किंवा टर्बो झिजला, असा संशय घेऊन मिस्त्रीकडून दाब तपासून घ्यावा. मोठा डबा आणून तो रोग झांकूं नये. डब्यांतून निघालेलें दुधाळ तेल पुन्हां इंजिनांत ओतूं नये, कारण त्यांत पाणी व न जळलेलें इंधन असतें. आणि तें पाटांत किंवा विहिरीच्या कांठीं न सांडतां कॅनमध्यें साठवून जुनें तेल घेणाऱ्यास द्यावें.